फाशी एका मुलखात, हाडं दुसऱ्या गावात: ॲझ्टेक राजा क्वाउतेमोकची पुण्यतिथी नेमकी कुठे पाळायची?

१७ मे २०२५ ला मेक्सिकोच्या नौदलाचं शिडांचं प्रशिक्षण जहाज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाला धडकलं आणि दोघांचा जीव गेला. जहाजाचं नाव होतं 'क्वाउतेमोक'. आपल्याकडच्या वृत्तनिवेदकांची हे नाव उच्चारताना चांगलीच ओढाताण झाली. पण हा क्वाउतेमोक कोण, हे फारसं कुणी सांगितलं नाही. योगायोग असा की त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला त्याच्या मृत्यूला ५०० वर्षं पूर्ण झाली होती. दरवर्षी या तारखेला मेक्सिकोचा राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवतात, आणि तशी कायद्यातच तरतूद आहे.

झेंडा देशभर उतरतो, पण फुलं वाहायची कुठे? एक जागा ग्वातेमालाच्या सीमेकडच्या जंगलातलं माया लोकांचं उद्ध्वस्त नगर आहे. दुसरी, तिथून सरळ रेषेत सुमारे ९०० किलोमीटर दूर असलेलं डोंगरातलं एक जुनं चर्च. तिसरी, मेक्सिको सिटीच्या मधोमध असलेलं त्लातेलोल्कोचं उत्खननाचं मैदान. तिन्ही ठिकाणी लोक जमतात, आणि तिन्ही ठिकाणचं नातं वेगळ्या प्रकारचं आहे.

राजा कोण होता?

आपण ज्यांना 'ॲझ्टेक' म्हणतो ते स्वतःला मेशिका म्हणवत. त्यांची राजधानी तेनोच्तित्लान एका सरोवरातल्या बेटावर वसलेली होती. आजची मेक्सिको सिटी तिच्याच डोक्यावर उभी आहे. तिथल्या राजाला 'त्लातोआनी' म्हणत. हे दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुढचं सगळं समजेल.

स्पॅनिश सरदार एर्नान कोर्तेस १५१९ मध्ये तिथे पोचला तेव्हा मोक्तेसुमा गादीवर होता. १५२० मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या जागी आलेला क्वित्लावाक जेमतेम ऐंशी दिवस राज्य करून देवीच्या साथीत गेला. स्पॅनिशांसोबत आलेला हा आजार त्या लोकांच्या शरीराला अगदी नवा होता आणि त्याने घरंच्या घरं ओस पाडली. अशा वेळी गादीवर बसला क्वाउतेमोक. वय पंचविशीच्या आसपास. सत्ता हाती आली तेव्हा शहर रोगाने खिळखिळं झालेलं होतं आणि मांडलिक एकेक करून कोर्तेसला मिळत होते. पुढे वेढा पडला. पिण्याचं पाणी आणणारा जलमार्ग तोडला गेला, आणि सरोवरात कोर्तेसने बांधवून घेतलेली जहाजं फिरू लागली. मूठभर स्पॅनिशांनी साम्राज्य जिंकलं, ही गोष्ट अर्धीच खरी आहे. वेढ्यात त्यांच्या बाजूने लढणारे हजारो लोक त्लाश्काला आणि इतर स्थानिक राज्यांचे होते, मेशिकांच्या खंडणीला कंटाळलेले.

शेवटची झुंज झाली ती त्लातेलोल्को या जोडशहरात. १३ ऑगस्ट १५२१ ला क्वाउतेमोक होडीतून जाताना पकडला गेला. कोर्तेससमोर आणल्यावर त्याने कोर्तेसच्या कमरेच्या खंजिराकडे हात केला आणि म्हणाला, शहर राखण्यासाठी जे करता आलं ते मी केलं, आता याने मला मार. कोर्तेसने मारलं नाही. नंतर सोन्याचा ठावठिकाणा काढण्यासाठी मात्र त्याचे आणि त्लाकोपान या मित्रराज्याच्या राजाचे पाय तेल लावून भाजण्यात आले. अपेक्षेइतकं सोनं निघालंच नाही.

मेशिका राजा माया मुलखात कसा मेला?

इथे बहुतेक वाचक अडखळतात. राजधानी मध्य मेक्सिकोत, आणि मृत्यू पार आग्नेयेला, दुसरी भाषा बोलणाऱ्या लोकांच्या प्रदेशात.

होंडुरासला पाठवलेला कोर्तेसचा एक सरदार, क्रिस्तोबाल दे ओलिद, त्याच्यावरच उलटला होता. त्याला वठणीवर आणायला ऑक्टोबर १५२४ मध्ये कोर्तेस स्वतः निघाला. कैदी राजाला मागे ठेवलं तर राजधानीत उठाव होईल, या धास्तीने त्याने क्वाउतेमोक आणि इतर सरदारांना बरोबर घेतलं. सोबत हजारो मेशिका हमाल आणि शिपाई. तबास्कोच्या दलदलीतून ही वाट जात होती. खायला मिळेना, माणसं वाटेत मरू लागली. एका रुंद पाण्यावर तर हजाराहून जास्त ओंडक्यांचा पूल उभारावा लागला, आणि तो बांधला मेशिकांनीच. कैद केलेल्या राजाच्या प्रजेने, उपाशीपोटी, विजेत्याच्या घोड्यांसाठी बांधलेला तो पूल डोळ्यांसमोर आणला की पुढच्या घटनेमागचा ताण समजतो.

पूल ओलांडून हे लोक आकालान प्रांतात शिरले. हा चोंताल माया व्यापाऱ्यांचा मुलूख. नद्यांतून होड्या हाकत ही मंडळी समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणि पुढे होंडुरासपर्यंत व्यापार करत. त्यांची राजधानी इत्सामकानाक, राजा पाश्बोलोन-आचा. इथेच कुठेतरी क्वाउतेमोकवर कटाचा आरोप ठेवून त्याला ठार करण्यात आलं.

तारीख कशी ठरली, तेही पाहण्यासारखं आहे. कोर्तेसच्या चरित्रकाराने ही घटना कार्निव्हलच्या दिवसांत घडल्याचं लिहून ठेवलं आहे. कार्निव्हल, म्हणजे गोव्यात ज्याला इंत्रूज म्हणतात तो ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधीचा सण, ईस्टरवरून मोजला जातो. १५२५ चा ईस्टर १६ एप्रिलला होता. तिथून मागे मोजत आलं की कार्निव्हलचा शेवटचा दिवस २८ फेब्रुवारीला येतो. ही तारीख तेव्हाच्या जुन्या युरोपीय पंचांगाची आहे. आजच्या हिशेबात ती १० मार्च होईल, पण पुण्यतिथी जुन्याच तारखेला पाळली जाते.

कट खरा होता का?

याची तीन उत्तरं आहेत, आणि तिघांनाही काहीतरी सिद्ध करायचं होतं.

कोर्तेसने स्पेनच्या राजाला लिहिलेल्या पत्रात कट खरा असल्याचं म्हटलं आहे. क्रिस्तोबाल हे ख्रिस्ती नाव घेतलेल्या एका मेशिका माणसाने आपल्याला तो सांगितला, आपण चौकशी केली आणि मुख्य दोघांना फाशी दिली, असं तो लिहितो. एका राजाला मारल्याचा हिशेब तो दुसऱ्या राजाला देत होता, हे विसरून ते पत्र वाचता येत नाही.

बेर्नाल दियास हा कोर्तेसचाच शिपाई. म्हातारपणी त्याने आठवणी लिहिल्या. त्यात चुगली करणाऱ्यांची नावं वेगळी आहेत. ही शिक्षा फार अन्यायाची होती आणि बरोबरच्या सगळ्यांनाच ती खटकली, असं तो स्पष्ट लिहितो. फाशीनंतर कोर्तेसला झोप लागेना, रात्री तो एका देवळात येरझारा घालताना पडला आणि डोकं फोडून घेतलं, हेही त्यानेच नोंदवलं आहे. आपल्याच सेनापतीबद्दल असं लिहिणाऱ्या शिपायावर मी जरा जास्त विश्वास ठेवतो.

तिसरी बाजू चोंताल माया लोकांची. पाश्बोलोन-आचाच्या नातवाच्या काळात या घराण्याने आपला इतिहास चोंताल भाषेत, पण रोमन लिपीत लिहून घेतला. तो कागद आज स्पेनमधल्या सेव्हियाच्या दप्तरखान्यात आहे. त्यात म्हटलंय की क्वाउतेमोकने पाश्बोलोन-आचाला गाठून सांगितलं: हे स्पॅनिश एक दिवस तुमच्याही जिवावर उठतील, चला मिळून त्यांना मारू. पाश्बोलोन-आचाने विचार केला. या पाहुण्यांनी आपल्या कुणाला मारलं नव्हतं, फक्त मध, मका, कोंबड्या असं काहीबाही मागत होते. त्याने जाऊन कोर्तेसला सांगून टाकलं. या कागदानुसार क्वाउतेमोकला तीन दिवस बेड्यांत ठेवलं, बाप्तिस्मा दिला, मग शिरच्छेद करून डोकं देवळासमोरच्या सावरीच्या झाडाला टांगलं.

म्हणजे फाशी की शिरच्छेद, इथपासून मतभेद. गावाच्या नावातही एकवाक्यता नाही. पण प्रांत आकालान आणि वेळ १५२५ ची सुरुवात, यावर तिघांचं जुळतं.

हेच ते नगर, कशावरून?

मेक्सिकोच्या कांपेचे राज्यात कांदेलारिया नदीकाठी एल तिग्रे नावाची उत्खननाची जागा आहे. मोठे चौथरे, पायऱ्यांची देवळं, गिलाव्यात घडवलेले भलेमोठे मुखवटे. ख्रिस्तपूर्व काळापासून स्पॅनिश येईपर्यंत इथे वस्ती होती. हेच इत्सामकानाक, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण दगडावर कुणी गावाचं नाव लिहून ठेवलेलं नाही, मग ओळख पटली कशी?

आपल्याकडे जमिनीचा वाद तलाठ्याकडे किंवा कोर्टात जातो तेव्हा तीन गोष्टी बघतात: कागद, चतुःसीमा आणि वहिवाट. नुसता सातबारा पुरत नाही, आणि नुसतं 'आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसतोय' म्हणूनही भागत नाही. तिन्ही एकमेकांशी जुळले तर दावा टिकतो. पुरातत्त्वाचं काम याच चालीने चालतं.

कागद म्हणजे कोर्तेसचं पत्र, बेर्नालच्या आठवणी आणि चोंताल दस्तऐवज. चतुःसीमा म्हणजे त्यांतली वर्णनं: नदी कोणती, खाडीपासून किती दिवसांची वाट, कोणत्या बाजूला दलदल. १९४८ मध्ये फ्रान्स शोल्स आणि राल्फ रॉयस या अभ्यासकांनी हे सगळे कागद एकत्र मांडून नकाशावर बसवले आणि रोख कांदेलारिया नदीच्या खोऱ्याकडे वळला. राहिली वहिवाट. ती जमिनीतून काढावी लागते. १९८० च्या दशकापासून मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या एर्नेस्तो वार्गास पाचेको यांनी इथे वर्षानुवर्षं काम केलं. १५३० मध्ये आलेल्या स्पॅनिशांनी नऊशे ते हजार घरांचं नगर पाहिल्याची नोंद आहे. एवढं मोठं आणि त्या काळापर्यंत नांदतं ठिकाण या नदीवर हेच दिसतं.

१५५७ मध्ये मिशनऱ्यांनी इथल्या लोकांना समुद्राजवळच्या तिश्चेलला हलवलं आणि नगर जंगलात गेलं. त्यामुळे 'आमच्या आजोबांनी जागा दाखवली' अशी सलग स्थानिक आठवण इथे उरलीच नाही. आज एल तिग्रेत क्वाउतेमोकची पुण्यतिथी पाळली जाते ती कागद आणि खोदकाम यांच्या जोरावर. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या माया रेल्वेचं स्टेशन कांदेलारियाला आल्याने तिथे पोचणंही आता सोपं झालंय.

मग हाडं सापडली होती, त्याचं काय?

हा प्रश्न मेक्सिकोत आजही लोकांना चिडवतो.

१९४६ मध्ये मेक्सिको सिटीतल्या एका जुन्या इस्पितळाच्या चर्चमध्ये कोर्तेसची लपवून ठेवलेली हाडं सापडली. ज्याने राजाला मारलं त्याच्या अस्थी मिळाल्या, आणि राजाच्या मात्र नाहीत! देशाच्या मनाला ही गोष्ट लागली. तीनच वर्षांनी गेरेरो राज्यातल्या इच्कातेओपान गावातून बातमी आली. तिथल्या एका घराण्याकडे जुने कागद निघाले. त्यांत लिहिलं होतं की निष्ठावंतांनी क्वाउतेमोकचं शव त्या दूरच्या जंगलातून आणून इथे पुरलं. शिक्षिका आणि पुरातत्त्वज्ञ एउलालिया गुस्मान यांनी चर्चच्या वेदीखाली खोदलं. २६ सप्टेंबर १९४९ ला हाडं निघाली, आणि त्यांच्यावर तांब्याचा पत्रा: १५२५, १५२९, आणि 'राजा कोआतेमो' अशी अक्षरं. गावातल्या घंटा वाजल्या, देशभर जल्लोष झाला.

मग सरकारी समिती आली. म्हणाली, पुरावा टिकत नाही. लोक खवळले, तज्ज्ञांना देशद्रोही ठरवण्यात आलं. दुसरी मोठी समिती नेमली, तिनेही मान्यता दिली नाही. चित्रकार दिएगो रिवेरा यांच्यासारखी माणसं गुस्मान यांच्या बाजूने उभी राहिली. (याच रिवेरांनी १९२० च्या दशकात मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर आपल्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजेंना रंगवलं. क्रांतिकारक खानखोजे तेव्हा तिथे मक्यावर संशोधन करत होते.) १९७६ मध्ये तिसरी समिती बसली. निष्कर्ष आणखी कडक निघाला: हाडं एका माणसाची नाहीत, अनेकांची आहेत. कवटी बाईची आहे. कागद सोळाव्या शतकातले नाहीत, फार नंतरचे आहेत. सगळा माग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या फ्लोरेन्तिनो हुआरेस या स्थानिक जमीनदाराकडे जात होता.

या तिसऱ्या तपासात एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा हे तरुण पुरातत्त्वज्ञ होते. दोनच वर्षांनी तेनोच्तित्लानच्या मुख्य मंदिराचं ऐतिहासिक उत्खनन त्यांच्याच हाती आलं. ज्यांनी इच्कातेओपानला नकार दिला त्यांना मेशिकांच्या वारशाची कदर नव्हती, असं म्हणणाऱ्यांना एवढं एक उदाहरण पुरे आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आजवर एकाही मेशिका त्लातोआनीची निर्विवाद कबर सापडलेली नाही. त्यांना बहुधा दहन करत. २००६ पासून मुख्य मंदिराजवळ आवीत्सोत्ल या राजाच्या अस्थींचा शोध अतिशय काळजीपूर्वक चालू आहे. जे शहराच्या मधोमध, राजवैभवात मेलेल्या राजांच्या बाबतीत मिळालं नाही, ते परमुलखात फासावर चढलेल्या राजाच्या बाबतीत चटकन मिळावं, इथेच शंका यायला हवी होती.

हाडं त्याची नाहीत, तरी लोक तिथे का जातात?

फेब्रुवारीत इच्कातेओपान फुलून जातं. पिसांचे मुकुट, घोट्याला बांधलेली खुळखुळणारी बियांची माळ, शंख, ढोल, कोपाल धूपाचा दाट धूर. देशभरातून आणि अमेरिकेतूनही नर्तकांचे गट येतात, तासन्‌तास नाचतात. चर्चमध्ये वेदीखाली काचेआड अजूनही तीच हाडं आहेत.

कुणी म्हणेल, ही फसवणूक आहे, बंद करा. मला हे पटत नाही. या लोकांनी कित्येक दशकं जे जपलंय ते खरं आहे: आपल्या आज्या-पणज्यांची भाषा बोलायला लाज वाटावी अशा देशात, आपल्या माणसासाठी नाचायला हक्काची जागा. बनावट कागद करणाऱ्याचा दोष त्यांच्या माथी मारता येणार नाही. मात्र इतिहासाच्या पुस्तकात 'क्वाउतेमोकची समाधी इच्कातेओपानला आहे' असं सरळ छापणं हा मुलांवर अन्याय आहे. तिथे समितीचा निष्कर्षच यायला हवा.

उत्खननाच्या जागेवर सोहळे केल्याने नुकसान होत नाही का?

होऊ शकतं. जुना चुन्याचा गिलावा शेकडो पायांखाली झिजतो, धुराने काळवंडतो, आणि चौथऱ्यावर मंडपाचे खांब रोवले तर खालचे थर कायमचे विस्कटतात. मेक्सिकोत १९७२ च्या कायद्याने सगळे पुरातत्त्वीय अवशेष राष्ट्राच्या मालकीचे आहेत. त्यांची देखरेख १९३९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मानवशास्त्र व इतिहास संस्था करते. त्यामुळे कार्यक्रम कुठे, कितीजणांचा, आग कुठे पेटवायची, हे ठरवण्याचा अधिकार या संस्थेकडे आहे. कार्यक्रम मोकळ्या मैदानात आणि अवशेष मोकळे, हा तोडगा मला योग्य वाटतो.

दुसरा धोका राजकारण्यांचा. १८८७ मध्ये तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियासने राजधानीच्या मोठ्या रस्त्यावर क्वाउतेमोकचा भव्य पुतळा उभारला, आणि त्याच्याच राजवटीत आदिवासी गावांच्या जमिनी बड्या जमीनदारांकडे गेल्या. मेलेल्या राजाचा गौरव जिवंत लोकांच्या हक्काऐवजी वापरता येतो, याचा तो पुतळा पुरावा आहे. त्लातेलोल्कोच्या मैदानातला प्रसिद्ध फलक म्हणतो की १३ ऑगस्ट १५२१ ला जे झालं तो ना विजय होता ना पराभव, तो आजच्या मिश्र मेक्सिकन समाजाचा वेदनामय जन्म होता. वाक्य सुंदर आहे. पण वेढ्यात भुकेने आणि रोगाने मेलेल्यांसाठी तो पराभवच होता, आणि ज्यांनी आपली भाषा व गाव टिकवून ठेवलं ते आजचे आदिवासी त्या 'मिश्र समाजात' कुठे बसतात, ते फलक सांगत नाही.

एल तिग्रेच्या फलकावर काय असावं?

तीन जागांपैकी एल तिग्रे मला सगळ्यात मोलाची वाटते. पुरावा चांगला आहे, हे कारण आहेच. शिवाय तिथे उभं राहिलं की गोष्ट 'शूर मेशिका आणि दुष्ट स्पॅनिश' एवढ्या दोन रंगांत मावत नाही. तिथे तिसरा माणूस येतो, पाश्बोलोन-आचा. मेशिका हे त्याच्यासाठी परकेच होते, आणि स्पॅनिशही. दारात आलेल्या दोन परक्यांपैकी कुणाला दुखवायचं, एवढाच निर्णय त्याच्या हातात होता. त्याला गद्दार म्हणायला आज सोपं आहे. पण तेव्हा 'मेक्सिको' नावाचा देशच नव्हता, मग गद्दारी कुणाशी? दुर्दैवाने क्वाउतेमोकचा इशारा खरा ठरला. बत्तीस वर्षांत त्या नगरातली चूल विझली.

म्हणून पुण्यतिथीच्या दिवशी तिथे फक्त पुष्पचक्र आणि भाषणं नकोत. कोर्तेसचं पत्र, बेर्नालचा कबुलीवजा परिच्छेद आणि चोंताल दस्तऐवज, तिन्हींतले उतारे शेजारी शेजारी लावावेत. शेजारच्या तबास्को राज्यात चोंताल, म्हणजे ते स्वतः जिला योकोतान म्हणतात ती भाषा, आजही हजारो लोक बोलतात. तो तिसरा उतारा त्यांच्यापैकी कुणीतरी, त्यांच्याच भाषेत, मोठ्याने वाचावा.